मिनी ट्रॅक्टरच्या लोडरने खड्डे काढता येतात का? आंब्याचे ४० आणि मुरघासाचा एक

बांधावरचा

२७ एचपीचा फोर व्हील (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारा) मिनी ट्रॅक्टर आहे. पुढे तालुक्याच्या वर्कशॉपमधून बनवून घेतलेला लोडर. बकेट ४ फूट रुंद, सपाट पात्याची, दात नाहीत. काठोकाठ भरली तर ०.१५ घनमीटर माती मावते. जमीन संगमनेर भागातली, वर दीड-दोन फूट काळी, खाली मुरूम.

दोन कामं आहेत. केशर आंब्याचे ५ बाय ५ मीटरवर ४० खड्डे, १ मीटर लांब-रुंद-खोल. आणि १० गाईंना दोन महिने पुरेल एवढ्या मुरघासाचा (दाबून, हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) एक खड्डा.

अडचण अशी की बकेट जमिनीत वीतभर जाते आणि मग ट्रॅक्टरचं नाक वर येतं, पुढची चाकं उचलतात. पुढे रेटलं तर मागची चाकं जागेवर फिरतात. शिवाय बकेट सपाट जागेवर टेकवली तर डावा कोपरा आधी टेकतो, हे आधी नव्हतं. पद्धत चुकतेय की मशीनच या कामाचं नाही?

---

मुरूम_मास्तर

मशीन कामाचं आहे, पण खड्ड्याच्या नाही, चराच्या. पुढची चाकं सपाट जमिनीवर असताना लोडरचं पातं चाकाच्या पातळीखाली फार तर ४ ते ६ इंच जातं, कारण हात तिथेच संपतात. त्याखाली जायचं तर पुढची चाकं स्वतः खाली उतरली पाहिजेत, म्हणजे उतार हवा. जेसीबीचा मागचा हात बाहेर उभा राहून खाली वाकतो, लोडरला खड्ड्यात शिरावं लागतं. एवढा एकच फरक आहे, पण बाकी सगळं त्यातून येतं.

आता आंब्याचा हिशेब घाला. १ मीटर खोल जायला चारास एक उतार धरला तरी ४ मीटरचा उतार, पुढे १ मीटर सपाट तळ, रुंदी बकेटची १.२ मीटर. उताराची माती २.४ घनमीटर आणि तळाची १.२, मिळून ३.६. तुम्हाला खड्डा हवाय १ घनमीटरचा. माती उकरली की फुगते, सव्वापट धरा, म्हणजे ०.१५ च्या बकेटमध्ये मूळ जागची माती ०.१२ च येते. एका खड्ड्याला ३० बकेट, चाळिसांना १,२००. बकेटला दीड-दोन मिनिटं धरली तर ३० ते ४० तास नुसती माती हलवायची. आणि ५ मीटरवर झाडं, ५ मीटर लांब तुमचा चर, म्हणजे अख्खी ओळ उकरली जाणार. पुन्हा भरली तरी पहिल्या पावसात खचणार.

आंब्याला जेसीबी बोलवा. ४० खड्डे तीन-चार तासांत होतात. ऑपरेटर घाईत पाऊण मीटरवर थांबतात, म्हणून मीटरची खूण केलेली काठी घेऊन माणूस सोबत ठेवा. वरची फूटभर काळी एका बाजूला आणि मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायला आधीच सांगा, नंतर वेगळी करता येत नाही. ढीग खड्ड्याच्या काठापासून मीटरभर लांब.

तुमचा लोडर खरा उपयोगी पडतो तो खड्डे भरताना. काळी माती, शेणखत, सुपर फॉस्फेट जागेवर कालवून ढकलायचं. खड्ड्याला ८-९ बकेट, आणि ते काम मजुरांकडून करून घ्यायचं तर चाळीस खड्ड्यांना घमेल्यांचा हिशेब करून बघा.

मुरघासाचा खड्डा मात्र लोडरनेच करा. त्याचा आकारच लांबट आणि उताराचा असतो.

---

फिटरकाका

नाक वर येतं याचा अर्थ तुम्ही लिव्हर खाली दाबून बकेट जमिनीत घुसवताय. त्याने ट्रॅक्टरचं वजन पुढच्या चाकांवरून निघून बकेटवर येतं, स्टिअरिंग जातं आणि फोर व्हीलची पुढची जोडी हवेत फिरते. बकेट दाबून शिरत नाही, सरकून शिरते. पातं २०-२५ अंश खाली झुकवा, लोडरचे हात फ्लोटमध्ये (जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वरखाली होतील असे मोकळे) किंवा नुसते टेकलेले ठेवा, लो रेंज पहिला गिअर, इंजिन १,५०० ते १,८०० आरपीएमवर, आणि दोन-तीन इंचाचा थर सोलत जा. बकेट भरायला लागली की पातं आडवं करत आत वळवा, म्हणजे कर्ल. कर्लचा जोर उचलण्याच्या जोरापेक्षा जास्त असतो, म्हणून माती आधी कर्लने तोडायची आणि मग उचलायची. चाकं फिरायला लागली तर ॲक्सिलरेटर वाढवू नका, थर जाड घेतलाय. थोडं मागे घ्या, बकेट थोडी वळवा, परत या.

हायड्रोलिकमधून शीळ घातल्यासारखा आवाज आला की रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, उघडलाय. लिव्हर तशीच धरून ठेवली तर तेल तापण्यापलीकडे काही होत नाही. इंजिन दबतंय आणि शीळ नाही, तर गिअर मोठा आहे.

डावा कोपरा आधी टेकतो त्याला कारणं तीन. आधी टायरची हवा बघा, पुढचं डावं टायर ५ पौंड कमी असलं तरी एवढा फरक पडतो. मग बकेटच्या पिना आणि बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी. बकेट जमिनीपासून इंचभर उचला, इंजिन बंद, कोपरा हाताने वरखाली हलवा. पिनेजवळ खडखड झाली तर बुश गेलंय, स्वस्तात सुटलात. दोन्ही बरोबर असेल तर बकेट सिलेंडरचा रॉड वाकलाय किंवा हातच पिळलेत. रॉडला स्टीलची पट्टी उभी लावून मागे उजेड धरा, फट दिसली की वाकलाय.

रॉड वाकतो तो एका सवयीने. बकेट पूर्ण खाली उलटी करून, म्हणजे दोन्ही रॉड पुरते बाहेर असताना, पुढे रेटणं किंवा जोरात मागे ओढत सपाटी करणं. रॉड जितका बाहेर तितका कमजोर. आणि गावठी लोडरच्या साध्या व्हॉल्व्हला बकेटच्या बाजूला वेगळा रिलीफ नसतो, धक्का थेट रॉडवर आणि सीलवर जातो. हात पिळतात ते एका कोपऱ्याने दगड उचकटल्याने. दगड आला की पहार घ्या.

आता जास्त महत्त्वाचं. लोडरची फ्रेम ट्रॅक्टरला कुठे कुठे बोल्ट केली आहे? पुढचा सपोर्ट आणि क्लच हाउसिंग एवढ्यावरच असेल तर खोदकाम बंद ठेवा. मिनी ट्रॅक्टरला वेगळी चेसी नसते, इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स हाच त्याचा कणा. बकेट खोदताना तो कणा क्लच हाउसिंगच्या जोडावर वाकायला बघतो आणि तिथलं बीड तडकतं. फ्रेमच्या दोन पट्ट्या पोटाखालून मागच्या एक्सल हाउसिंगपर्यंत गेल्या पाहिजेत. त्या नसतील तर आधी वेल्डरकडे जा. असतील तर पहिल्या १० तासांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पिनांना आणि पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनेला दर ८-१० तासांनी ग्रीस, ही मधली पीन सगळे विसरतात.

---

दहा_दावण

मुरघासाच्या खड्ड्याचं माप आधी गाईंवरून काढा, ट्रॅक्टरवरून नाही. १० गाई, रोज २० किलो, ६० दिवस म्हणजे १२ टन. नीट दाबलेला मक्याचा मुरघास घनमीटरला ५०० ते ६०० किलो बसतो, ५५० धरा. साधारण २२ घनमीटर लागतात.

रुंदी २.४ मीटर ठेवा, म्हणजे बकेटच्या बरोबर दोन पट्टे. खोली १.२. दोन्ही टोकांना ४.८ मीटरचे उतार आणि मध्ये ३ मीटर सपाट तळ. उतारांचे १३.८ आणि तळाचे ८.६, एकूण २२.४ घनमीटर. लांबी १२.६ मीटर. उताराच्या टोकांना जिथे खोली फुटापेक्षा कमी आहे तिथे घास भरू नका, तो पातळ थर सडतोच. दोन्ही टोकं मिळून घनमीटरही जात नाही.

यापेक्षा रुंद करायचा मोह टाळा. रोज २०० किलो काढलं तर या रुंदी-खोलीवर तोंड दिवसाला १२-१३ सेंटिमीटर मागे सरकतं. आपल्याकडच्या उन्हात रोज एवढं सरकायलाच हवं, नाहीतर उघड्या तोंडावर वाफ धरते, बुरशी येते. पुढे चार महिन्यांचा घास करायचा झाला तर दुसरा असाच खड्डा घ्या, याचीच रुंदी वाढवू नका.

जागा उंचावर. काळ्या मातीतल्या भिंती पावसात फुगतात आणि उन्हात तडकून ढासळतात, म्हणून वरचा काळीचा भाग थोडा बाहेर कललेला ठेवा, खालचा मुरूम उभा चालतो. चारी बाजूंनी फूटभर उंचीचा बांध, त्याला तुमचाच निघालेला मुरूम वापरा. मुरूम शेताबाहेर नेणार असाल तर गौण खनिजाच्या परवानगीचा प्रश्न येतो, तहसीलमध्ये विचारूनच.

---

बांधावरचा

फ्रेम पोटाखालून मागच्या एक्सलपर्यंत आहे. पिना हलवून बघितल्या, डाव्या बाजूचं बुश गेलंय, रॉड सरळ आहेत.

आंब्याचं जेसीबीने करतो. मुरघासाच्या खड्ड्यासाठी तीन शंका. काळी आत्ता दगडासारखी आहे, बकेट नुसती खरवडते. दोन उतार कशाला, एकाने भागत नाही का? आणि मागे वजन किती?

---

मुरूम_मास्तर

कोरड्या काळीत लोडर शिरणार नाही, आणि ओल्या काळीत शिरेल पण बकेटला चिकटून बाहेर येणार नाही. दोन्हींच्या मधला वाफसा पकडायचा. आखणी करा, काठाला नांगराचं एक तास (सरी) मारून छोटा बांध करा आणि आत पाणी सोडा. चार-पाच दिवसांनी माती मुठीत दाबली की गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, तेव्हा सुरू करा. मुरूम ओला झाला तरी फारसा मऊ होत नाही, त्याला मागून फोडावंच लागतं.

म्हणजे क्रम असा: मागच्या फणीने किंवा एक दाताच्या सबसॉयलरने ६-८ इंच फोडायचं, मग लोडरने तेवढंच उचलायचं, परत फोडायचं. लोडरला न फोडलेली जमीन कधी देऊच नका. १.२ मीटर खोलीला असे सहा-सात थर होतात. पाच फणी असेल तर मुरुमात बाहेरच्या दोन काढून तिन्हीवर चालवा, जोर तेवढाच आणि खोल जाते. सपाट पात्यावर बोल्टची दातपट्टी मिळते, ४ फुटाला पाच दात पुरतात. मुरुमात फरक लगेच कळतो. तळ सपाट करायच्या वेळी काढून टाका, नाहीतर तळाला सऱ्या पडतात आणि पुढे प्लास्टिक फाटतं.

आणखी एक गोष्ट मोजा: मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी. ती बकेटपेक्षा जास्त असेल तर खाली उतरताना एक चाक न खणलेल्या कडेवर चढतं आणि ट्रॅक्टर तिरका होतो. चाकाच्या डिस्क उलट्या करून रुंदी कमी करता येते. दोन्ही पट्टे आळीपाळीने, एकाच पातळीत खाली न्या. एक पट्टा फूटभर पुढे गेला की दुसऱ्यावर काम करताना कडा चाकाखाली ढासळते.

उतार एकच पुरे. पलीकडचं तोंड उभं ठेवा. फोडलेल्या उभ्या तोंडावर बकेट चांगली भरते, सपाट तळावर तेवढी भरत नाही. माती कमी हलवावी लागते.

---

फिटरकाका

इथे मास्तरांशी माझं जमत नाही. एकच उतार म्हणजे भरलेली बकेट घेऊन दरवेळी मागे चढायचं. वजन उताराच्या खालच्या बाजूला, म्हणजे पुढच्या एक्सलवर, आणि मागची चाकं हलकी. मिनी ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. हलक्या चाकावर ब्रेक मारला की चाक थांबतं, ट्रॅक्टर घसरत राहतो. फोर व्हील लावलेलं असेल तर पुढची चाकंही गिअरमधून धरली जातात, म्हणून उतारावर, खाली जातानासुद्धा, फोर व्हील काढायचं नाही आणि क्लच दाबून ट्रॅक्टर घरंगळू द्यायचा नाही. न्यूट्रलवर तर नाहीच.

दोन उतार असले की एकाकडून उतरायचं, बकेट भरायची आणि नाक वर करून दुसऱ्याने निघायचं. चढताना वजन मागच्या चाकांवर येतं. २२ घनमीटरला १८५-१९० बकेट होतात. एका उताराने दर बकेटमागे चार वेळा थांबून पुढचा-मागचा गिअर बदलायचा, म्हणजे सात-आठशे वेळा क्लच. दोन उतारांत तो अर्ध्यावर येतो. नंतर घास दाबतानाही ट्रॅक्टर आरपार जातो, त्याचं दावणवाले सांगतील.

वजन. मागच्या चाकांत पाणी भरा, व्हॉल्व्ह वर ठेवून पाऊण भाग. ८.३-२० च्या टायरमध्ये पन्नास-साठ लिटर जातं, दोन्ही मिळून शंभर-सव्वाशे किलो. तेवढ्याने भागत नाही. मागे अवजार जोडायच्या तीन पॉइंटवर काँक्रीटचा ठोकळा, ५० सेंटिमीटर लांब-रुंद-उंच, तो ३०० किलो भरतो. पण फोडायला फणी लागणार, मग ठोकळा काढा-लावा किती वेळा? फणीवरच चौकट करून मातीच्या दोन-तीन गोण्या घट्ट बांधा. उतारावर मागे येताना फणी पूर्ण वर घ्या, नाहीतर उताराच्या पायथ्याशी दात रुततात आणि लिफ्टचे हात वाकतात.

भरलेली बकेट गुडघ्याच्या वर नको, रिकामी करायच्या जागी पोचल्यावरच उचला. डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) फक्त सरळ जाताना. काठावर ढीग टाकताना खड्ड्याची खोली जेवढी, तेवढं अंतर चाक आणि कडेत ठेवा.

---

दहा_दावण

दोन उतारांनाच माझं मत. घास १५-२० सेंटिमीटरच्या थरात पसरून त्यावर ट्रॅक्टर फिरवायचा असतो, एका टोकाने शिरून दुसऱ्याने निघाला तर कुट्टी ओढली जात नाही. एकाच उताराला मागे येताना चाक कुट्टी उकरतं आणि हवा आत जाते. मिनी ट्रॅक्टर हलका, म्हणून थर २० च्या वर नको. भिंतीलगतची पट्टी पायाने तुडवा, चाक तिथे पोचत नाही आणि बुरशी नेमकी तिथेच पहिली.

खणायच्या आधी मोटरची केबल आणि ठिबकची सबमेन (जमिनीतली मोठी पाइप) कुठून गेली आहे ते बघा. सबमेन बहुतेक दीड-दोन फुटांवर असते, म्हणजे तुमच्या तिसऱ्या थरात.

---

मुरूम_मास्तर

आरपार घास दाबायचा असेल तर दोन उतार, मान्य. नुसतं खणायचं असतं तर मी एकावरच राहिलो असतो.

एक राहिलं. पाणी सोडून वाफसा आणलात की सगळी काळी एका दमात काढा आणि मगच मुरुमाला हात घाला. अर्धवट सोडलं तर आठ दिवसांत पुन्हा दगड. पोरं-जनावरं फिरत असतील तर रात्री दोन्ही उतारांच्या तोंडाला काटे टाका.

---

बांधावरचा

बुश आज बदलतो. आखणी उद्या, पाणी परवा. दातपट्टीचे बोल्ट १६ एमएमचे पुरतील का?

---

फिटरकाका

१६ चे चालतील, पण ८.८ ग्रेडचेच घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. साधे घेतलेत तर मुरुमातल्या पहिल्याच दगडाला कापले जातील. नट खालून नाही, बकेटच्या आतून आला पाहिजे.